जुना संगणक, अडलेला ईमेल आणि थंडरबर्ड : एका सोसायटीच्या कार्यालयातून परीक्षण

मोझिलाचे थंडरबर्ड हे ईमेल हाताळण्याचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली, त्यामुळे त्याची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. हे परीक्षण एका ठरावीक गरजेपुरते आहे. ज्या कार्यालयात संगणक जुना आहे, त्यावरचे विंडोज जुने आहे, मेल उघडण्याचा प्रोग्रॅम त्याहून जुना आहे आणि कोणी काहीही न बदलता मेल येणे अचानक बंद झाले आहे, अशा ठिकाणी थंडरबर्ड कितपत उपयोगी पडते, एवढाच प्रश्न मी विचारात घेतला आहे. मुलुंडमधील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव या नात्याने कार्यालयाचा सगळा पत्रव्यवहार माझ्या नजरेखालून जातो आणि थंडरबर्ड बसवण्याचा निर्णयही मीच घेतला. माझे मत अनुकूल आहे. मात्र त्याला एक महत्त्वाची अट आहे आणि ती समजून न घेता कोणी हे सॉफ्टवेअर बसवले, तर त्याची अडचण फक्त पुढे ढकलली जाईल.

आमच्या कार्यालयातील संगणक विंडोज ७ वर चालतो. तो बदलला गेला नाही याचे कारण हलगर्जीपणा नव्हे. सोसायटीची मासिक बिले, पावत्या आणि सभासदांची थकबाकी ज्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये आहे, तो याच संगणकावर बसवलेला आहे, आणि लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावायला खजिनदार तयार नसतात. मुंबईत अशा सोसायट्या, वकिलांची छोटी कार्यालये, गिरगावातले छापखाने आणि मशीद बंदरातल्या पेढ्या कितीतरी असतील, जिथे एकाच कामासाठी एक जुना संगणक जपून ठेवलेला असतो आणि मेलही त्याच्यावरच पाहिले जातात. आमच्याकडे मेल पाहण्यासाठी विंडोज लाइव्ह मेल होते. ते ज्या संचाचा भाग होते, त्याला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार (म्हणजे दुरुस्त्या आणि मदत) १० जानेवारी २०१७ रोजी संपला आणि विंडोज ७ चा नेहमीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी. आधार संपला म्हणजे प्रोग्रॅम त्या दिवशी बंद पडत नाही. तो चालत राहतो, आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही.

अडचण पुढे आली ती पासवर्डच्या रूपाने. मेल घेण्याची कळ दाबली की पासवर्ड विचारणारी चौकट येई, पासवर्ड घातला की क्षणभर काहीतरी हालचाल दिसे आणि तीच चौकट पुन्हा समोर उभी राही. आमच्या व्यवस्थापकांनी सांगितले, "सर, पासवर्ड बरोबर आहे, मोबाइलवर त्याच पासवर्डने उघडतंय, इथे मात्र घेतच नाही." या वाक्यातच निदान होते. मोबाइलवर चालणारा पासवर्ड संगणकावर चालत नसेल, तर दोष पासवर्डात असू शकत नाही. तरीही अशा वेळी बहुतेक कार्यालयांत पहिला उपाय पासवर्ड बदलण्याचाच होतो. त्याने संगणकावरचा मेल सुरू होत नाही आणि ज्या पदाधिकाऱ्यांच्या मोबाइलवर तो व्यवस्थित चालू होता, त्यांचाही बंद पडतो. असे झालेल्या ठिकाणांची उदाहरणे मी आमच्याच परिसरात पाहिली आहेत.

खरे कारण समजून घ्यायचे तर मेल आणणाऱ्या प्रोग्रॅमचे आणि सर्व्हरचे (म्हणजे मेल साठवणाऱ्या सेवेच्या संगणकाचे) आपसांत काय चालते, ते पाहावे लागते. पासवर्ड पाठवण्याआधी दोघे मिळून सांकेतिक भाषा ठरवतात, जेणेकरून मधल्या वाटेवर कोणाला काही वाचता येऊ नये. या व्यवस्थेला टीएलएस म्हणतात. तिची १.० ही आवृत्ती १९९९ सालची, १.१ ही २००६ सालची, १.२ ही २००८ सालची आणि १.३ ही २०१८ सालची आहे. तिच्याआधी एसएसएल होते. २०१४ साली गुगलच्या संशोधकांनी एसएसएल ३.० मधील पूडल नावाची त्रुटी जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी ते वापरू नये असा अधिकृत निर्णय झाला. टीएलएस १.० मधील उणिवाही २०११ पासून माहीत होत्या. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये गुगल, मायक्रोसॉफ्ट, ॲपल आणि मोझिला यांनी एकाच सुमारास जाहीर केले की आपल्या ब्राउझरमधून १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२० साली काढून टाकल्या जातील, आणि मार्च २०२१ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने या दोन्ही आवृत्त्या रीतसर बाद ठरवल्या. त्यानंतर एकेका मेल सर्व्हरने आपल्या सोयीने त्या बंद केल्या. कोणी लगेच केल्या, कोणी काही वर्षांनी. म्हणूनच ही अडचण प्रत्येक कार्यालयात वेगवेगळ्या दिवशी येते आणि प्रत्येकाला वाटते की आपल्याच संगणकात काहीतरी बिघडले.

विंडोज ७ च्या बाबतीत एक बारकावा आहे. त्यात टीएलएस १.२ आहे, पण विंडोजच्या यंत्रणेवर अवलंबून असणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमसाठी ती मुळात चालू केलेली नसते, त्यामुळे असे प्रोग्रॅम सर्व्हरशी १.० मध्येच बोलायला जातात. सर्व्हर १.० ऐकून घेत नाही आणि बोलणे तिथेच तुटते. पासवर्ड पाठवण्याची वेळसुद्धा आलेली नसते. जुन्या प्रोग्रॅमला मात्र हा फरक नीट सांगता येत नाही, म्हणून तो वापरणाऱ्याला काहीतरी त्रोटक आकडेवजा संदेश देतो किंवा पुन्हा पासवर्ड मागतो. विंडोज एक्सपीवर तर १.० च्या पुढची आवृत्ती त्या यंत्रणेत नाहीच, त्यामुळे तिथे चालू करण्यासारखेही काही उरत नाही.

आमच्या सोसायटीच्या स्वतःच्या नावाच्या ईमेलबाबत घडले ते हेच. ती सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण तिने जुन्या आवृत्त्या बंद केल्या यात तिची चूक नाही. चूक असलीच तर कळवण्याच्या पद्धतीत होती. सूचनेचा मेल आला होता, पण तो पूर्णपणे तांत्रिक इंग्रजीत होता आणि त्यात आवृत्त्यांचे क्रमांक सोडले तर वापरणाऱ्याने नेमके काय करायचे, याचा एकही उल्लेख नव्हता. ज्या कार्यालयात लिफ्टच्या देखभालीचा करार, पाण्याच्या टाक्या साफ करणाऱ्यांची दरपत्रके, महानगरपालिकेची पत्रे आणि पुनर्विकासाविषयी सभासदांच्या लेखी हरकती याच पेटीत येतात, तिथे या मेलचे महत्त्व कोणाला कळणार? ग्राहक कोणत्या आवृत्तीने जोडणी करतो हे सेवा देणाऱ्याला आपल्या नोंदींत दिसू शकते. "तुमचा अमुक प्रोग्रॅम अमुक तारखेनंतर चालणार नाही" असे दोन ओळींचे सरळ पत्र त्यावरून पाठवता येते, आणि ते पाठवले गेले पाहिजे.

आमचे दुसरे खाते जीमेलवर आहे. सभासदांच्या तक्रारींसाठी ते वापरले जाते. तेही जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडत नव्हते, आणि लक्षण तेच, म्हणजे पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारणे. पण कारण मात्र वेगळे होते. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या खातेनावावर आणि पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत येऊ देणे बंद केले. मायक्रोसॉफ्टने संस्थांसाठीच्या आपल्या सेवेत हीच पद्धत १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतली आणि आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. तिच्या जागी ओऑथ नावाची पद्धत आली. या पद्धतीत प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवत नाही. तो गुगलचे किंवा मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे पान उघडतो, तुम्ही तिथे पासवर्ड आणि मोबाइलवर आलेली खात्री देता, आणि प्रोग्रॅमला फक्त मेलपुरता एक परवाना मिळतो. तो परवाना खात्याच्या सेटिंगमधून केव्हाही रद्द करता येतो. संगणक चोरीला गेला किंवा एखादा कर्मचारी काम सोडून गेला, तर एवढे एकच काम करावे लागते. ओऑथ समजत नसलेला प्रोग्रॅम खात्याच्या नेहमीच्या पासवर्डवर या दारातून आत जाऊच शकत नाही, मग त्याची टीएलएस कोणतीही असो.

म्हणून अशा अडचणीत सापडलेल्याने पहिल्यांदा हे ठरवावे की आपली अडचण संकेताच्या (टीएलएसच्या) आवृत्तीची आहे, ओळख पटवण्याच्या पद्धतीची (ओऑथची) आहे, की दोन्ही आहेत. तंत्रज्ञही पुष्कळदा ही दोन कारणे एकत्र करून बोलतात, आणि मग एकाचा उपाय दुसऱ्यावर लावला जातो.

आता थंडरबर्डकडे वळतो. जुन्या संगणकासाठी त्याचा सर्वांत मोठा गुण असा की ते संकेतासाठी विंडोजच्या यंत्रणेवर अवलंबून राहत नाही. ती यंत्रणा ते स्वतःबरोबर घेऊन येते, आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कोणत्या प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवायचा याची यादीही त्याची स्वतःची असते. त्यामुळे विंडोज ७ वर बसवलेले थंडरबर्डसुद्धा टीएलएस १.२ आणि १.३ मध्ये व्यवस्थित बोलते. विंडोजच्या रजिस्ट्रीत (म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंगच्या नोंदीत) कोणताही फेरफार करावा लागत नाही. ओऑथची सोयही त्यात २०१५ पासून आहे. म्हणजे आमच्या दोन वेगळ्या अडचणींवर एकाच प्रोग्रॅममध्ये उपाय मिळाला, तोही विनाशुल्क. थंडरबर्डचा खर्च मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतो आणि २०२० पासून मोझिला फाउंडेशनच्या मालकीची एमझेडएलए ही कंपनी त्याचे काम पाहते. आमच्या संस्थेने देणगी द्यावी असा ठराव मी मांडणार आहे, कारण जे सॉफ्टवेअर कार्यालयाचे काम रोज करते त्याला काही देणे योग्य आहे असे मला वाटते.

जीमेलचे खाते जोडणे अतिशय सोपे आहे. नाव, पत्ता आणि पासवर्ड घातला की थंडरबर्ड सर्व्हरची माहिती स्वतः शोधते, गुगलचे पान एका वेगळ्या खिडकीत उघडते, मोबाइलवर होकार द्यायचा आणि काम झाले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कुकी (वेबपानाने संगणकावर ठेवलेल्या छोट्या नोंदी) स्वीकारणे बंद असेल तर ही खिडकी पुढे सरकत नाही. ज्यांना हा मार्ग जमत नाही त्यांच्यासाठी गुगलने सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड ठेवला आहे, पण त्यासाठी दुहेरी पडताळणी आधी चालू करावी लागते, आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की ॲप पासवर्ड रद्द होतो. सोसायटीची समिती बदलली की पासवर्डही बदलतो, म्हणून आमच्यासारख्या संस्थेने ओऑथच वापरावे.

स्वतःच्या नावाच्या ईमेलसाठी, म्हणजे लहान सेवादात्याकडच्या खात्यासाठी, माहिती हाताने भरावी लागली तर घाबरू नये. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप (मेल सर्व्हरवर ठेवूनच पाहण्याची पद्धत), पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्या मेलसाठी पोर्ट ४६५ असेल तर तीच सुरक्षा आणि ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. जुन्या प्रोग्रॅममध्ये बहुधा ११० आणि २५ हे पोर्ट भरलेले असतात. ते आकडे पाहून जसेच्या तसे इकडे उतरवले, तर एकतर जोडणी होत नाही किंवा झाली तर पासवर्ड उघड्यावरून जाण्याचा धोका राहतो.

इथे एका चौकटीविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक लोक तिथेच घाईने चुकीचे बटण दाबतात. खाते जोडताना थंडरबर्ड कधी कधी इशारा देते की सर्व्हरचे प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाचे आहे, आणि खाली अपवाद म्हणून मान्य करण्याचे बटण असते. एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांचे मेल ठेवणाऱ्या सेवांमध्ये असे होऊ शकते. आपण आपल्या नावाचा सर्व्हर भरतो, पण प्रमाणपत्र मात्र सेवादात्याच्या मूळ सर्व्हरच्या नावाने काढलेले असते. बटण दाबले की मेल येऊ लागतो, म्हणून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात आपण थंडरबर्डला सांगितलेले असते की हे प्रमाणपत्र दुसऱ्याच नावाचे असले तरी मान्य कर. हे बटण दाबू नये. सेवादात्याला फोन करून प्रमाणपत्रावर असलेले सर्व्हरचे खरे नाव विचारून घ्यावे आणि तेच भरावे. आमच्या बाबतीत ते नाव मिळाल्यावर चौकट पुन्हा आली नाही.

प्रमाणपत्राचीच आणखी एक तक्रार जुन्या संगणकांवर येते आणि तिचे कारण फार साधे असते. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. ती संपली की संगणक बंद करून चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सर्व्हरचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते, त्यामुळे मागच्या तारखेत वावरणाऱ्या संगणकाला ते अजून सुरूच न झालेले दिसते आणि तो जोडणी नाकारतो. सुरक्षेचे इशारे रोज सकाळी येत असतील आणि तारीख नीट केल्यावर दिवसभर जात असतील, तर आधी ही बॅटरी बदलून घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती संगणकाच्या कोणत्याही दुकानात मिळते आणि अगदी स्वस्त असते. सॉफ्टवेअर बदलण्याच्या आधी हे तपासायलाच हवे.

थंडरबर्डमधील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिली आणि त्रासदायक उणीव म्हणजे जुने मेल आणण्याची. विंडोज लाइव्ह मेल प्रत्येक मेल ईएमएल नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवते, आणि ते सर्व फोल्डरांसह एकदम आत घ्यायचे तर इंपोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी हे पूरक साधन वेगळे बसवावे लागते. आउटलुकमधून आणायचे असेल तर त्याच संगणकावर आउटलुक बसवलेले असणे गरजेचे असते. नुसती पीएसटी फाइल (आउटलुक ज्यात मेल साठवते ती) दाखवून थंडरबर्डला तिच्यातले मेल काढता येत नाहीत. ज्याच्याकडे दहा-बारा वर्षांचा पत्रव्यवहार आहे, त्याच्यासाठी हा भाग सर्वांत वेळखाऊ आहे, आणि इतक्या जुन्या, नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय मुळातच चांगली असायला हवी होती.

याला जोडून एक कळकळीची सूचना. जुना प्रोग्रॅम चालत नाही म्हणून तो लगेच काढून टाकू नका. जुने प्रोग्रॅम बहुधा पॉप पद्धतीने मेल आणतात, आणि त्या पद्धतीत मेल संगणकावर उतरवून सर्व्हरवरून पुसला जाण्याची शक्यता मोठी असते. तसे असेल तर गेल्या अनेक वर्षांचे मेल जगात फक्त त्या एका हार्ड डिस्कवर आहेत. पुनर्विकासाची संमतिपत्रे, कंत्राटदाराने मेलवर दिलेली हमी, सभासदाने लेखी कळवलेली गळतीची तक्रार, यांची उद्या उपनिबंधकांसमोर किंवा न्यायालयात गरज पडू शकते. आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ती उघडून पाहावी आणि मगच पुढे जावे. दुरुस्तीला आलेल्या माणसाने "फॉरमॅट मारून देतो" असे म्हटले तर त्याला तिथेच थांबवावे.

दुसरी उणीव वेगाची. आयमॅपचे खाते जोडले की थंडरबर्ड आपणहून सगळ्या फोल्डरांतील सगळे मेल संगणकावर उतरवून ठेवू लागते आणि शोधासाठी त्यांची सूचीही तयार करते. नव्या संगणकावर हे जाणवत नाही, पण कमी मेमरी आणि साधी हार्ड डिस्क असलेल्या संगणकावर पहिल्या दिवशी सगळेच काम मंदावते. खात्याच्या सेटिंगमध्ये किती काळाचे मेल उतरवायचे याची मर्यादा घालता येते. ती पहिल्याच दिवशी घालावी. पुसलेले मेलसुद्धा फोल्डर आटोपशीर (कॉम्पॅक्ट) केल्याशिवाय फाइलीतून जात नाहीत, त्यामुळे जागा भरत जाते. शिवाय संपूर्ण फोल्डर एकाच मोठ्या फाइलीत साठवले जात असल्यामुळे, एखाद्या जोडपत्रात विषाणू सापडला म्हणून अँटिव्हायरसने ती फाइलच उचलून बाजूला ठेवली, तर सगळा इनबॉक्स दिसेनासा होऊ शकतो. अँटिव्हायरसला थंडरबर्डचे फोल्डर न छेडण्याची सूचना देऊन ठेवणे हितावह आहे.

तिसरी बाब सवयीची आहे. २०२३ च्या जुलैमध्ये आलेल्या ११५ व्या आवृत्तीपासून थंडरबर्डचे रूप पुष्कळ बदलले. मेलची यादी, वरची पट्टी, बटणांच्या जागा हे सगळे नव्याने मांडले गेले, आणि वर्षानुवर्षे एकाच मांडणीवर काम करणाऱ्या माणसाला सुरुवातीला चाचपडावे लागते. अक्षरांचा आकार आणि ओळींमधील मोकळी जागा मेनूतून वाढवता येते, हे ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांना आवर्जून दाखवावे. आमच्या खजिनदार काकांची तक्रार त्यानेच मिटली. युनिकोडमधील मराठी मजकूर स्वच्छ दिसतो, लिहिताही येतो आणि शोधताही येतो.

आता ती अट. थंडरबर्डची ११५ ही आवृत्ती विंडोज ७, ८ आणि ८.१ वर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. त्यानंतरच्या आवृत्त्यांना विंडोज १० किंवा त्यापुढचे लागते. म्हणजे विंडोज ७ वरचे थंडरबर्ड आजच्या सर्व्हरशी बोलते खरे, पण त्याला सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत, आणि ज्या मार्गाने लाइव्ह मेल कालबाह्य झाले त्याच मार्गाने तेही एक दिवस कालबाह्य होईल. ब्राउझरमधून मेल पाहण्याचा पर्यायही तिथे टिकाऊ नाही, कारण क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९ ही जानेवारी २०२३ मधली आहे. त्यामुळे विंडोज ७ वर थंडरबर्ड बसवणे हा मधल्या काळाचा उपाय आहे: मेल पुन्हा सुरू करण्याचा, जुने मेल एका ठिकाणी सुरक्षित गोळा करण्याचा आणि नव्या संगणकाची तरतूद होईपर्यंत काम चालू ठेवण्याचा. त्या कामासाठी याहून चांगले साधन मला आढळले नाही.

काही तंत्रज्ञ दोन झटपट उपाय सुचवतात. एक, विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून टीएलएस १.२ चालू करणे आणि जुनाच प्रोग्रॅम वापरत राहणे. हा उपाय खोटा नाही. त्याने संकेताची अडचण सुटू शकते, पण ओऑथची सुटत नाही आणि प्रोग्रॅमला आधार नाही तो नाहीच. दुसरा उपाय अधिक वाईट आहे. सर्व्हरच जुना असेल, तर थंडरबर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये शिरून किमान आवृत्तीची मर्यादा खाली आणायची. थंडरबर्डने ही मर्यादा २०२० मध्ये ७८ व्या आवृत्तीपासून वाढवून १.२ केली, ती कारणाशिवाय नव्हे. सेवादात्याचा सर्व्हर आजही फक्त १.० बोलत असेल, तर आपण आपले दार ढिले करण्याऐवजी सेवादाता बदलावा, हे माझे स्पष्ट मत आहे. सभासदांचे पॅन क्रमांक, भाडेकरूंचे करार आणि बँकेची पत्रे ज्या पेटीत येतात ती पेटी दहा रुपयांच्या कुलपावर ठेवण्याचा अधिकार कोणत्याही सचिवाला नाही.

ज्यांना हिशेबाच्या प्रोग्रॅमचे बंधन नाही, त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे. त्याच जुन्या संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवता येते. त्यात थंडरबर्ड आधीपासूनच असते आणि ते नियमित अद्ययावत होत राहते. वापरलेला संगणक घेण्याचा विचार असेल, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे ध्यानात घेऊन विंडोज ११ चालेल अशीच यंत्रणा घ्यावी. विक्रेत्याने बिल देताना विंडोजचा परवाना खरा आहे, हे लिहून द्यावे.

आमच्या व्यवस्थापन समितीने संगणकाची तरतूद मंजूर केली आहे. जुना संगणक हिशेबापुरता राहील आणि त्याची इंटरनेटची वायर काढून घेतली जाईल. मेल नव्या संगणकावर जाणार आहेत आणि ते हलवण्यासाठी फार काही करावे लागत नाही. थंडरबर्डच्या मदत मेनूतून प्रोफाइलचे (म्हणजे खाती, मेल आणि सेटिंग ज्यात असतात ते) फोल्डर उघडायचे, थंडरबर्ड बंद करून त्या सबंध फोल्डरची प्रत नव्या संगणकावर न्यायची आणि तिकडच्या थंडरबर्डला ती दाखवायची. खाती, फोल्डर, पत्तेयादी आणि मेल जिथल्या तिथे दिसतात. फक्त त्या प्रोफाइलमध्ये साठवलेले पासवर्डही असतात, म्हणून प्रत ज्या पेनड्राइव्हवर नेली तो काम झाल्यावर पुसून टाकावा, आणि जुन्या संगणकाला दिलेला गुगलचा परवाना खात्यात जाऊन रद्द करावा.